रॉबर्ट बॉश
रॉबर्ट बॉश (२३ सप्टेंबर, इ.स. १८६१ - १२ मार्च, इ.स. १९४२) हे जर्मन अभियंता व उद्योजक होते. मोटारीच्या इंजिनातील विद्युत प्रज्वलन विश्वासार्ह करण्यात त्यांच्या कंपनीचा मोठा वाटा आहे.

जीवन

बॉश यांचा जन्म उल्म शहराजवळील अल्बेक या गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे होते. उल्म येथे सूक्ष्मयंत्र कारागिरीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीत व इंग्लंडमध्येही काम केले. १५ नोव्हेंबर, इ.स. १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये एक छोटी कार्यशाळा सुरू केली.

स्पार्क प्लग

इ.स. १८८७ मध्ये त्यांनी स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला व इ.स. १८९७ मध्ये तो प्रथमच वाहनाला जोडला. या रचनेत सिलिंडरमधील हलते संपर्क विलग होताना ठिणगी पडे. त्यामुळे वेगवान इंजिनात ती अपुरी ठरे. बॉश यांचे सहकारी गोट्टलोब होनोल्ड यांनी इ.स. १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा स्पार्क प्लग विकसित केला. त्यात ठिणगी दोन स्थिर विद्युतअग्रांमधील फटीतून उडते, त्यामुळे सिलिंडरमध्ये हलते भाग लागत नाहीत.

प्लगची निवड त्याच्या उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेवर ठरते. जास्त तापणाऱ्या इंजिनाला उष्णता लवकर बाहेर टाकणारा 'थंड' प्लग, तर कमी तापणाऱ्या इंजिनाला 'गरम' प्लग लागतो. प्लग फार थंड असल्यास टोकावरील काजळी जळून जात नाही. फार गरम असल्यास मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटून इंजिनाची हानी होऊ शकते. वापराने विद्युतअग्रे झिजतात, फट रुंदावते व ठिणगीसाठी अधिक विद्युतदाब लागतो. म्हणून प्लग ठरावीक अंतरानंतर बदलतात.

सामाजिक भूमिका

इ.स. १९०६ मध्ये बॉश यांनी आपल्या कारखान्यात आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. तरीही इ.स. १९१३ मध्ये तेथे संप झाला व त्यानंतर ते मालकांच्या संघटनेत सामील झाले. पहिल्या महायुद्धातील शस्त्रपुरवठ्यातून लाभ घेणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून त्यांनी कोट्यवधी मार्क लोकोपयोगी कामांना दिले. इ.स. १९४० मध्ये त्यांच्या देणगीतून स्टुटगार्टमध्ये रुग्णालय उघडले.

नाझी राजवटीत कंपनीचे वर्तन परस्परविरोधी राहिले. बॉश व त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी छळ झालेल्या ज्यू नागरिकांना मदत केली आणि हिटलरविरोधी नेते कार्ल गोर्डेलर यांना सल्लागारपद देऊन आश्रय दिला. मात्र त्याच कंपनीच्या कारखान्यांत युद्धसामग्री बनत होती व सक्तीने आणलेले मजूर राबवले जात होते.

बॉश यांचे स्टुटगार्ट येथे निधन झाले. आज कंपनीचे बहुतांश भांडवल त्यांच्या नावाच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे. प्रतिष्ठानाला मिळणारा लाभांश आरोग्य, शिक्षण व आंतरराष्ट्रीय सामंजस्य यांसारख्या कार्यांसाठी वापरला जातो.