मजुरांच्या जिवाची जबाबदारी सरकारवर टाकणारे बाबासाहेब

पावसाळा सरला की डहाणू-तलासरीतली आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात. त्यांच्यासाठी आम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातले हे पान उघडतो आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब परळला गिरणी कामगारांच्या चाळीत राहिले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. त्यांच्याच कारकिर्दीत तयार झालेल्या अदारकर अहवालातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. संविधानाच्या अनुच्छेद ४२ आणि ४७ ने कामाची माणुसकीची स्थिती आणि सार्वजनिक आरोग्य यांची जबाबदारी राज्यावर टाकली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मालकाच्या दयेवर असलेला मजुराचा जीव त्यांनी कायद्याच्या हवाली केला. पण ठेकेदाराची उचल घेऊन भट्टीवर गेलेल्या अनेकांची ना हजेरी नोंदली जाते, ना विमा उतरवला जातो. या जयंतीपूर्वी आपण पाड्यापाड्यांतून अशा मजुरांची यादी करू आणि ती कामगार कार्यालयात देऊन पोच घेऊ. जय भीम!