भोजराजाचे वैद्यक

धार-देवास म्हटले की आपल्याला पवार आठवतात. ही मराठा घराणी आपले मूळ माळव्याच्या परमारांपर्यंत नेतात, आणि परमारांतील सर्वांत नामवंत पुरुष म्हणजे धारचा राजा भोज. त्याची कारकीर्द साधारण 1010 ते 1055.

गादी सुखाची नव्हती. चुलता मुंज कल्याणीच्या तैलपाच्या कैदेत मारला गेला होता. 1040 नंतरच्या दशकात सोमेश्वराच्या चालुक्य फौजेने खुद्द धार लुटली. अशा धामधुमीतही व्याकरण, अलंकार, वास्तुशास्त्र यांवरील ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. योगसूत्रांवरील वृत्तीच्या आरंभी तर तो अभिमानाने सांगतो, की आपण व्याकरणाने वाणीचा, योगाने चित्ताचा आणि ‘राजमृगांक’ या वैद्यकग्रंथाने देहाचा मळ दूर केला.

गंमत अशी, की बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त हाच राजा डोकेदुखीला कंटाळून वैद्यांना हद्दपार करतो व त्यांचे ग्रंथ नदीत टाकवतो, मग अश्विनीकुमार येऊन त्याची कवटी उघडतात! कथा रंगतदार खरी, पण ती पाचशे वर्षांनंतरची. मला राजाचाच शब्द अधिक भरवशाचा वाटतो.

त्या काळी वैद्यापुढे अम्लपित्ताचा रोगी आला, तर? (वसतिगृहातील मित्रांना हा विकार समजावून सांगायला नको.) चरकाने त्याला स्वतंत्र अध्याय दिला नव्हता; माधवनिदानात तो मिळाला. भोजाच्याच शतकात गौड देशी चक्रपाणिदत्ताने त्याच्या चिकित्सेवर प्रकरण लिहिले. अविपत्तिकर चूर्ण याच परंपरेतले. त्यात निशोत्तर आणि साखर मुख्य. ते आम्ल मारीत नाही, कोठा साफ करून पित्त खाली उतरवते. रसशास्त्रातील शंखभस्माची तऱ्हा निराळी. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचा संयोग झाला की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. जळजळ शमते, ढेकर येते. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या चघळायच्या गोळ्यांपैकी कित्येकींत हेच द्रव्य असते.

भोजाच्या अखेरीस कलचुरी कर्ण आणि गुजरातचा भीम दोन बाजूंनी चालून आले. त्याच सुमारास राजा आजारी पडला आणि त्यातच वारला, असे मेरुतुंग सांगतो. वैद्यकावर ग्रंथ लिहिणाऱ्याचा शेवट रणात नव्हे, रोगशय्येवर झाला. पुढे जयसिंहाला धारची गादी मिळवून द्यायला धावून आले, ते कल्याणीचेच चालुक्य.