गाद्या वाहणारा प्रोफेसर

सुट्टीनंतर हॉस्टेलची रिकामी रूम उघडली की आपलाच आवाज घुमतो. गाद्या, चादरी, कपडे आले की घुमणं थांबतं. यामागचं गणित शोधलं वॉलेस क्लेमेंट सेबाइन यांनी.

जन्म १८६८, अमेरिकेतलं ओहायो राज्य. वयाच्या १८ व्या वर्षी पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि पुढे तिथेच फिजिक्स शिकवू लागले. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग म्युझियममधला नवाकोरा लेक्चर हॉल डोकेदुखी झाला होता. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, तोवर पुढचे दहा-बारा शब्द त्यात मिसळायचे. वर्गाला काही कळेना! हे काम २७ वर्षांच्या सेबाइनवर आलं.

हाताशी काय, तर ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. दिवसा गोंगाट, म्हणून प्रयोग रात्री. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री वाहून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत! एकदा लक्षात आलं की अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. मग तीन हजारांवर नोंदी सरळ रद्द केल्या आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून बसले.

१८९८ मध्ये सूत्र हाती आलं. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (मापं मीटरमध्ये). समजा रूम ३६ घनमीटर आणि शोषण ४, तर आवाज सुमारे दीड सेकंद घुमेल. गाद्या-पडद्यांनी शोषण १२ झालं की अर्धा सेकंद. स्पीकर तोच, गाणं मात्र स्वच्छ!

याच सूत्राच्या आधारे बांधलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला. आजही तो जगातल्या उत्तम हॉलमध्ये गणला जातो. पहिल्या महायुद्धाच्या कामात तब्येतीची हेळसांड झाली आणि १९१९ च्या जानेवारीत, अवघ्या पन्नाशीत सेबाइन गेले. आवाजाच्या शोषणाच्या एककाला त्यांच्याच नावावरून 'सेबिन' म्हणतात.

तेव्हा दोस्तहो, नवे महागडे स्पीकर घेण्याआधी भिंतीवर एक जाड चादर टांगून बघा. खर्च शून्य!