ज्यांच्या नावाचा कप भारतानं जिंकला, ते थॉमस कोण होते?

चिखले (ता. डहाणू) : १५ मे २०२२ रोजी बँकॉकमध्ये भारतानं इंडोनेशियाला ३-० असं हरवलं आणि बॅडमिंटनचा थॉमस कप पहिल्यांदा आपल्या देशात आला. मुंबईचा चिराग शेट्टी त्या संघात होता. त्या दिवशी आपल्या भागातल्या पोरांनीही मोबाईलवर स्टेटस ठेवले. पण हे थॉमस कोण, असं विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. रणजी ट्रॉफीतले रणजी निदान ऐकून तरी माहीत असतात. थॉमस यांची गोष्ट मात्र आपल्याकडं कोणी सांगितलीच नाही.

पूर्ण नाव सर जॉर्ज थॉमस. जन्म १४ जून १८८१ चा, तुर्कस्तानात, आजच्या इस्तंबूलजवळ. घराणं इंग्रज आणि पिढीजात सर पदवीचं. आई लेडी इडिथ थॉमस बुद्धिबळ खेळायच्या. १८९५ साली इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला बायकांची बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली होती. आईचा हा नाद मुलात पुरेपूर उतरला.

बॅडमिंटन तेव्हा नवा खेळ होता. त्याचं एक मूळ आपल्याच राज्यात आहे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळायचे, त्याला पूना असंच म्हणायचे, आणि सुरुवातीचे नियमही तिथंच बसवले गेले. रजेवर आणि निवृत्तीनंतर मायदेशी जाताना ते हा खेळ सोबत घेऊन गेले. तिकडं १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी एकेरी नव्हतीच. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच प्रकार होते. म्हणजे बाई आणि पुरुष एका बाजूनं खेळतात तो प्रकार या स्पर्धेत एकेरीपेक्षा जुना आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण भातकापणी झाली की आपल्याकडंही अंगणात, खळ्यावर जाळी लागते, बल्ब लटकतो, आणि मुलींना बहुतेक वेळा बाजूला बसून फुलं गोळा करायला लावतात.

थॉमस यांचं ऑल इंग्लंडमधलं पहिलं विजेतेपद मिश्र दुहेरीचंच. साल १९०३, वय २१. जोडीला होत्या एथेल थॉमसन. या बाई काही साध्यासुध्या खेळाडू नव्हत्या. पुढं लग्नानंतर लारकोम या नावानं १९१२ साली त्यांनी विम्बल्डनची टेनिस एकेरी जिंकली. दोघांनी १९०६ ला पुन्हा बॅडमिंटनची मिश्र दुहेरी घेतली. मग १९०७ आणि १९११ साली थॉमस वेगळ्या जोडीदारांबरोबर जिंकले.

त्यांची खरी जोडी जमली ती हेझल हॉगार्थ यांच्याशी. १९१४ ला दोघं जिंकले आणि लगेच पहिलं महायुद्ध पेटलं. १९१५ ते १९१९ स्पर्धाच झाली नाही. खेळाडूच्या ऐन उमेदीतली पाच वर्षं अशी गेली. दुसऱ्या कोणी रॅकेट खुंटीला टांगलं असतं. या दोघांनी १९२० ला परत येऊन तोच किताब जिंकला, मग १९२१ आणि १९२२ लाही जिंकला.

मिश्र दुहेरीत ताकदीपेक्षा समजूत लागते. साधारणपणे बाई जाळीजवळ उभी राहते आणि पुरुष मागं. लोकांना वाटतं मागचा माणूस स्मॅश मारतो म्हणून तोच खरा. पण समोरच्यानं फूल वर उचललं तरच मागच्याला स्मॅश मिळतो, आणि ते उचलायला भाग पाडते जाळीवरची बाई. तिच्यावर भरवसा न ठेवता प्रत्येक फुलामागं जो पुरुष धावतो, त्याची जोडी हरते. थॉमस यांनी या प्रकारात आठ विजेतेपदं मिळवली.

एकेरीनं मात्र त्यांना फार वाट बघायला लावली. पहिला एकेरी किताब मिळाला १९२० साली, वयाच्या ३८ व्या वर्षी. मग सलग चार वर्षं, १९२३ पर्यंत, तो त्यांच्याकडंच राहिला. शेवटचा किताब १९२८ चा, पुरुष दुहेरीचा, तेव्हा वय ४६. एकूण हिशेब असा : एकेरी ४, पुरुष दुहेरी ९, मिश्र दुहेरी ८. ऑल इंग्लंडची ही २१ विजेतेपदं आजही विक्रम आहेत. आणि यातून पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा हा खेळ हौशी होता. थॉमस घरचे सुखवस्तू, त्यांना ते परवडलं. गरिबाच्या पोराला परवडलं नसतं, हेही खरं.

एवढ्यावर थांबतील तर ते थॉमस कसले! विम्बल्डनला ते टेनिस खेळले. बुद्धिबळात १९२३ आणि १९३४ साली ब्रिटनचे विजेते झाले. १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांका आणि बॉटविनिक या दोघांनाही हरवलं. पहिला माजी जगज्जेता, दुसरा पुढं जगज्जेता झाला. पंजाबातून गेलेले मीर सुलतान खान इंग्लंडच्या संघातून बुद्धिबळ खेळायचे, तेव्हा थॉमस त्यांचे संघसहकारी होते.

१९३४ साली नऊ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटना काढली आणि पहिले अध्यक्ष थॉमस झाले. ते पद त्यांनी १९५५ पर्यंत सांभाळलं. १९३९ साली त्यांनी पुरुषांच्या सांघिक जागतिक स्पर्धेसाठी कप दिला. उंची २८ इंच. पण पुन्हा युद्ध आडवं आलं. कप दहा वर्षं पडून राहिला, आणि १९४९ साली पहिल्यांदा मलायानं डेन्मार्कला ८-१ हरवून तो नेला. थॉमस तेव्हा ६७ वर्षांचे होते. पुढं आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर या कपासाठी भारताकडून खेळले. नाटेकरांच्या राष्ट्रीय विजेतेपदांतही पाच मिश्र दुहेरीची आहेत.

आता यातली गंमत बघा. ज्या माणसाचं पहिलं यश मिश्र दुहेरीचं, त्यांच्या कपात मिश्र दुहेरी नाही, कारण तिथं फक्त पुरुष खेळतात. बायकांसाठी १९५७ पासून उबेर कप आहे. तो देणाऱ्या बेटी उबेर यांनीही ऑल इंग्लंडची मिश्र दुहेरी आठ वेळा जिंकलेली, बरोबर थॉमस यांच्याइतकीच. आणि त्यांच्या कपात फक्त बायका.

थॉमस यांनी लग्न केलं नाही. २३ जुलै १९७२ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले, आणि घराण्याची पिढीजात पदवी त्यांच्याबरोबरच संपली. बाई-पुरुष एकाच संघात असलेली जागतिक सांघिक स्पर्धा, सुदिरमान कप, सुरू व्हायला त्यानंतर आणखी १७ वर्षं लागली.