फ्रीड्रिख आकुम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या बाजारात लोणच्याच्या बरण्या हिरव्यागार दिसत. त्या रंगाला ग्राहक भुलत. परंतु तो रंग पुष्कळदा भाजीचा नसून तांब्याच्या विषारी क्षाराचा असे. ही फसवणूक चव्हाट्यावर आणणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे फ्रीड्रिख आकुम होत.

आकुम यांचा जन्म १७६९ साली जर्मनीतील ब्यूकेबुर्ग या गावी झाला. त्यांचे वडील साबण तयार करीत. आकुम तीन वर्षांचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. औषधे बनविण्याची विद्या शिकून ते १७९३ मध्ये लंडनला आले. पुढे तेथे त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. ते रसायनशास्त्रावर व्याख्याने देत व प्रयोगांचे साहित्य विकत.

शास्त्र हे केवळ पंडितांसाठी नाही, अशी आकुम यांची धारणा होती. म्हणून त्यांनी कोणालाही घरी करता येतील अशा सोप्या परीक्षा लोकांना सांगितल्या. लोणच्याचे बारीक तुकडे करून त्यांवर अमोनियाचा पातळ द्राव ओतावा. लोणच्यात तांबे असेल, तर तो द्राव निळा होतो. लाल मिठाईत शेंदूर मिसळला असेल, तर हायड्रोजन सल्फाइड वायू विरघळविलेल्या आम्लयुक्त पाण्याने त्यातील शिसे काळे पडते. जे विष डोळ्यांना दिसत नव्हते, ते अशा रीतीने रंगाच्या रूपाने प्रकट होई.

१८२० मध्ये त्यांनी अन्नातील भेसळीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. भेसळीबद्दल शिक्षा झालेल्या व्यापाऱ्यांची नावेही त्यांनी त्यात निर्भयपणे छापली. ग्रंथाच्या हजार प्रती एका महिन्यात खपल्या. पण त्याबरोबर त्यांना शत्रूही पुष्कळ झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस आकुम यांच्यावर मोठे संकट कोसळले. एका ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याचा आरोप त्यांच्यावर आला. न्यायालयात त्याला उत्तर न देताच १८२१ मध्ये ते जर्मनीस परतले. लंडनमधील त्यांची प्रतिष्ठा धुळीस मिळाली आणि भेसळीविरुद्धची चळवळ काही काळ थंडावली. पुढे बर्लिन येथे अध्यापन करीत असता १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु त्यांनी पेरलेले बीज वाया गेले नाही. इतर शास्त्रज्ञांनी तेच कार्य पुढे चालविले आणि १८६० मध्ये ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला. आकुम यांची कीर्ती डागाळली. त्यांनी दाखविलेले सत्य मात्र निर्मळच राहिले.