तुकोबांच्या कवित्वाचा आरंभ

आज फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. शके १५७१ म्हणजे इ. स. १६५० मध्ये याच तिथीस तुकोबाराय वैकुंठास गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. देहूस इंद्रायणीकाठी नांदुरकीच्या वृक्षाखाली आज माध्यान्ही नामघोष होईल व फुले उधळली जातील. प्रयाणाची ही कथा आज घरोघरी सांगितली जाईलच. आम्ही मात्र तुकोबांच्या कवित्वाच्या आरंभाची कथा सांगण्याचे योजिले आहे. कीर्तन आटोपून टाळ खाली ठेवावा, तो एखादा मुलगा किंवा एखादी सून लाजत पुढे येते, पदराआडची वही दाखविते आणि विचारते, महाराज, स्वतःचा अभंग रचावयाचा तर आरंभ कोठून करावा? या प्रश्नास आमच्या मते तुकोबांच्या चरित्राहून चांगले उत्तर नाही.

तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक १६०८ चा मानतात. वडील बोल्होबा, माता कनकाई. घरात विश्वंभरबाबांपासून चालत आलेली विठ्ठलसेवा, शेती, महाजनकी आणि वाण्याचे दुकान. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून प्रपंचाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. पुढे मातापिता गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. दिवाळे निघाले, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी रखुमाई अन्नान्न करीत गेली, पाठोपाठ पुत्र संतूही गेला. तेव्हा तुकोबा बावीस-तेवीस वर्षांचे होते. पुढे धाकट्या कान्होबांस त्यांच्या वाट्याची कर्जखते देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली.

एवढे दुःख झाल्यावर लगेच काव्य स्फुरले असेल, अशी आपली समजूत होते. तसे झाले नाही, आणि आमच्या कथेचे मर्म नेमके येथेच आहे. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच क्रम सांगून ठेवला आहे. प्रथम त्यांनी घरचे मोडकळीस आलेले देऊळ नीट केले. मग एकादशीचे कीर्तन धरले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते हेही ते मोकळेपणाने सांगतात. तेव्हा त्यांनी संतांची काही वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली. पुढे उभे राहून जे गात, त्यांच्या मागे राहून ते ध्रुपद धरू लागले. ज्याच्या वाणीने पुढे महाराष्ट्र भारावला, तो पुरुष प्रथम दुसऱ्याच्या मागे उभा राहून दुसऱ्याचे पद आळवीत होता! भामनाथ आणि भंडारा या डोंगरांवरील एकांतात ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि नामदेवरायांचे अभंग यांचे मनन चालू होते. पुढे माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला; कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची.

आमच्या अलंकारशास्त्रात मम्मटाचार्यांनी काव्यप्रकाशात काव्याचा हेतू सांगताना जन्मजात शक्ती, लोकव्यवहार व ग्रंथ पाहून आलेली निपुणता आणि जाणत्यांच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास या तिहींचा एकत्र निर्देश केला आहे. तुकोबांनी तो ग्रंथ पाहिला असण्याचे कारण नाही. पण दुष्काळाने त्यांस लोक दाखविला आणि पाठांतराने अभ्यास घडविला. शक्ती देवाघरची, तिच्याविषयी आम्ही काय बोलावे?

मग ते प्रसिद्ध स्वप्न. नामदेवराय पांडुरंगास बरोबर घेऊन आले, त्यांस जागे केले आणि सांगितले की कवित्व कर, व्यर्थ बोलू नकोस. शतकोटी अभंगांचा नामदेवांचा संकल्प अपुरा राहिला होता, तो पुरा करण्याचे काम तुकोबांवर आले. माप धरण्यास प्रत्यक्ष विठ्ठल उभा होता. हे माप आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्या वाण्याची तराजूमापे दुष्काळात सुटली, त्याच्या पुढ्यात देवाने पुन्हा माप ठेवले. आता मोजावयाचे ते धान्य नव्हे, शब्द. त्यावर तुकोबांनी काय मागितले? संतांच्या पंगतीत, पायांशी थोडी जागा.

त्या मापाचा हिशेबही साधा आहे. थोरल्या अभंगाच्या चरणाचे चार खंड, पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या खंडाच्या अंती यमक. धाकट्यात आठ-आठ अक्षरांचे दोन खंड. लघुगुरूंचा काच नाही. जात्यावरील ओवी जिच्या कानात आहे, तिला हे निराळे शिकवावे लागत नाही. तुकोबांनी प्रथम श्रीकृष्णाच्या बाळक्रीडेचे अभंग रचिले असे परंपरा सांगते. पहिल्याच वहीत ब्रह्मज्ञान ओतू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु आरंभ झाला म्हणून वाट मोकळी झाली नाही. वाघोलीचे रामेश्वरभट हे मोठे विद्वान. शूद्राच्या मुखातून प्राकृतात वेदार्थ निघतो हा अधर्म होय, असे म्हणून त्यांनी आक्षेप घेतला, आणि वह्या इंद्रायणीच्या डोहात बुडवाव्या लागल्या. आमचे आयुष्यही संस्कृत पोथ्यांत गेले आहे. म्हणून रामेश्वरभटांस केवळ खलपुरुष म्हणून आम्हांस मोकळे होता येत नाही. त्यांची विद्या खरी होती. कवित्वाचा अधिकार जन्माने ठरतो ही समजूत मात्र साफ खोटी होती, आणि ती आमच्याच पोथ्यांच्या आधाराने उभी होती, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून देवाच्या दारी शिळेवर पडून राहिले. ती शिळा आज देहूच्या शिळामंदिरात आहे. या धरण्याच्या प्रसंगाचे अभंग गाथेत आहेत. देवाने आज्ञा केली ती खरी की आपल्या मनाचा भ्रम, हा प्रश्न त्यांनी देवालाच विचारला. नवशिक्या कवीस जी शंका पोखरते तीच ही. तुकोबांस ती सर्व काही बुडाल्यावर आली. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. समकालीन बहिणाबाईंच्या अभंगातही या तेरा दिवसांचा उल्लेख आहे. ज्यांस चमत्कार पटत नाही, ते म्हणतात की अभंग लोकांच्या मुखी होते, ते बुडणार कसे? आम्हांस दोहोंत भांडण दिसत नाही. या बहिणाबाईंनी तुकोबांस पाहण्यापूर्वीच दूर कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांची पदे ऐकिली होती, आणि ती ऐकूनच त्या पुढे स्वतः रचू लागल्या. दुसऱ्यांची वचने पाठ करून ज्याने आरंभ केला, त्याची वचने आता दुसऱ्यांस पाठ झाली होती.

रामेश्वरभटांचे पुढे काय झाले? महिपतिबोवांच्या कथेनुसार त्यांच्या अंगाचा असह्य दाह तुकोबांच्या अभंगाने शमला आणि ते तुकोबांचे शिष्य झाले. मग त्या संस्कृत पंडिताने प्राकृतात लेखणी धरली. आज सायंकाळी घरोघरी तुकोबांची जी आरती म्हटली जाईल, तिच्या शेवटी नाव येते ते याच रामेश्वरांचे.