अंगणवाडीच्या मागे उभी असलेली बाई : ताराबाई मोडक

आपल्या वस्त्यांमध्ये दोन इमारती बहुधा जवळजवळ असतात. एक बुद्धविहार आणि दुसरी अंगणवाडी. विहार आपण वर्गणी काढून उभा केला, म्हणून त्याचा इतिहास आपल्याला पाठ असतो. अंगणवाडी मात्र सरकारने दिलेली, खिचडी वाटणारी, पल्स पोलिओच्या दिवशी गर्दी होणारी जागा, एवढीच आपली तिच्याशी ओळख. हा अंगणवाडी शब्द आला कुठून? त्याची मुळे गावकुसाबाहेरच्या अंगणात आहेत, आणि ती शोधताना ताराबाई मोडक यांच्यापाशी जावे लागते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. घर सुधारकी वळणाचे असल्याने मुलीला शिकता आले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. पती वकील होते. पण हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. एकट्या बाईने मूल वाढवत नोकरी करणे त्या काळात किती अवघड होते, हे आपल्या आया-आज्यांना विचारले तरी कळेल.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. पद मोठे होते, पगार चांगला होता. तरीही १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांच्या आधारे गिजुभाई तिथे बालमंदिर चालवत होते. मुलाला मारायचे नाही, भीती घालायची नाही, पाठांतराचा मारा करायचा नाही. त्याच्या हाताला काम आणि डोळ्यांना पाहायला वस्तू द्यायच्या, ही तिथली रीत होती. प्राचार्यपदावरून आलेल्या ताराबाई तिथे पुन्हा शिकायला बसल्या. शिकवणाऱ्याने शिकत राहिले पाहिजे हा धडा त्यांनी आधी स्वतः गिरवला.

त्या दोघांना एक गोष्ट लवकर उमगली. बालमंदिर काढणे सोपे असते, ते चालवणारी माणसे तयार करणे अवघड असते. म्हणून दक्षिणामूर्तीत बालशिक्षकांसाठी अध्यापन मंदिर चालवले गेले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका हे मासिक निघाले, ते गुजरातीबरोबर मराठीतही आले. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार उभारला आणि बालशिक्षिका घडवण्याचे काम चालू ठेवले.

पण हे सगळे शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांपुरते राहात होते. मॉन्टेसरीची साधने महाग होती, फीही परवडणारी नव्हती. ही खंत ताराबाईंना गप्प बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या बोर्डीला गेल्या. तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ याच काळात त्यांच्याबरोबर आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि पुढे शिक्षिका झालेल्या अनुताईंनी हे काम अखेरपर्यंत सोडले नाही.

गावात बालवाडी निघाली, पण अस्पृश्यांच्या वस्तीतली मुले तिथे येईनात. त्या काळच्या गावात ती का येत नसतील, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शिवाय मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत घरी थांबत, कारण आईबाप मजुरीला जात. तेव्हा मुलांची वाट पाहात बसण्यापेक्षा शाळाच वस्तीत न्यायची असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. घरासमोरच्या अंगणात मुलांना गोळा करायचे, आंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधने कुठली? शंख-शिंपले, बिया, पाने, माती. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. त्या वेळच्या लिखाणात या वस्तीसाठी येणारा हरिजन हा शब्द आपल्या चळवळीने नाकारला आहे. ताराबाई गांधीवादी वळणाच्या होत्या, त्यांची आणि आपली वाट एक नव्हती, हेही खरे. तरी त्या अंगणात बसून आपल्या लेकरांना आंघोळ घालणारे हात मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटायचे कारण नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक गुरांमागे कुरणात जात. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी आकाराला आली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

नाव गेले, पण त्यामागची तयारी तेवढीच गेली का? अनघड मातीतून खेळणे करणारी शिक्षिका आपोआप होत नाही, ती घडवावी लागते. सावित्रीमाईंनीही वर्गात उभे राहण्याआधी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. कागदावर हे चांगलेच आहे. पण पोषण, लसीकरण, सर्वेक्षण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती हे सगळे मानधनावर करणारी बाई तो अभ्यासक्रम कोणत्या वेळात करणार? प्रशिक्षणाची अट तिच्यावर घालायची आणि वेळ, पैसा, मान द्यायचा नाही, हा अन्याय आहे. तो शेवटी आपल्याच मुलांच्या वाट्याला येतो, कारण महागड्या प्ले ग्रुपला जाणारी मुले त्या अंगणवाडीत नसतात.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब झाला की एकदा वस्तीतल्या अंगणवाडीत जा. ताईंना विचारा, शेवटचे प्रशिक्षण कधी झाले, त्यात मुलांना शिकवण्याबद्दल काय होते. त्यांच्या मानधनाच्या लढ्यात बरोबर उभे राहा. विहाराचा हॉल आठवडाभर बंद असतो, तो प्रशिक्षणासाठी उघडा. आणि विहारात रविवारचा बालसंस्कार वर्ग घेणाऱ्या आपल्या मुला-मुलींनाही आधी लहान मूल कसे शिकते ते शिकू द्या. प्राचार्यपद सोडून ताराबाई पुन्हा शिकायला बसल्या होत्या. आपल्याला तर तेवढेही सोडायचे नाही.

जयभीम, नमो बुद्धाय!